पॅटनचं पेट्रोल कुणी पळवलं नव्हतं

काल मामाने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४४ मध्ये, दोस्त राष्ट्रांचा सरसेनापती आयसेनहॉवरने ब्रिटिश सेनानी मॉन्टगोमेरीच्या लाडापायी अमेरिकी सेनानी पॅटनचं पेट्रोल तोडलं; नाहीतर पॅटनचे रणगाडे नाताळच्या आत बर्लिनमध्ये असते. खाली मामाची ओळ: ‘बघा, राजकारण!’ मामा, तुम्ही तीस वर्षं एसटीच्या आगारात काढलीत. डिझेल आगारात असणं आणि गाडीच्या टाकीत असणं, यातला फरक तुम्हाला मी सांगायचा?

पेट्रोल फ्रान्समध्ये होतं, पण नको तिथे. अमेरिकी लष्कराचाच अधिकृत इतिहास सांगतो की ऑगस्टअखेर युरोपच्या भूमीवर उतरलेल्या मालापैकी ९० ते ९५ टक्के नॉर्मंडीच्या किनाऱ्याजवळच पडून होता. पॅटन पोचला होता पार ईशान्य फ्रान्समधल्या व्हर्दूनच्या आसपास. मधली रेल्वे दोस्त राष्ट्रांच्याच बॉम्बफेकीने उखडलेली, पाइपलाइन मागे राहिलेली. उरले ट्रक आणि २० लिटरचे जेरी कॅन. ३० ऑगस्टला पॅटनच्या सैन्याला हवं होतं ४ लाख गॅलन, मिळालं ३२ हजार. म्हणजे जेमतेम सहा हजार कॅन! आघाडीकडे माल नेणाऱ्या ‘रेड बॉल’ ताफ्याचे ट्रक रात्रंदिवस धावत होते हे खरं, पण तेही काही हवेवर चालत नव्हते. रोज सुमारे ३ लाख गॅलन तेच पीत. वर रिकामे कॅन रस्त्याकडेला भिरकावलेले. कॅनच परत आले नाहीत तर पेट्रोल भरायचं कशात, ओंजळीत?

आयसेनहॉवरने उत्तरेकडच्या, म्हणजे मॉन्टगोमेरीच्या, आघाडीला झुकतं माप दिलं, हे मान्य. त्या काही दिवसांच्या खोळंब्यात जर्मनांनी पॅटनच्या वाटेवरच्या मोझेल नदीकाठी बस्तान बसवलं, तेही मान्य. पण बेल्जियममधलं अँटवर्प बंदर ४ सप्टेंबरला हाती येऊनही पहिली मालवाहू जहाजं तिथे लागली नोव्हेंबरअखेर. तोवर बर्लिनपर्यंत अख्खं सैन्य पोसायचं कशावर, हे मेसेजवाला सांगत नाही.

आणि नाताळ. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पॅटनला पेट्रोल पुन्हा मिळू लागलं. पुढे काय झालं? मोझेलकाठचं मेट्झ आडवं आलं. ते शहर पडायला २२ नोव्हेंबर उजाडला. भोवतीच्या किल्ल्यांपैकी शेवटचा शरण आला १३ डिसेंबरला. नाताळला उरले होते बारा दिवस, आणि तिथून बर्लिन सहाशे किलोमीटरहून लांब.