क्योतोतली नाडीपरीक्षा

क्योतो हे पायी पाहायचं शहर आहे, असं जो तो सांगतो. पायांना विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही. पायांचं म्हणणं असं, की चालण्याबद्दल आमची तक्रारच नाही. इ. स. ७९४मध्ये राजधानी वसवताना चीनमधल्या छांगआनच्या धर्तीवर उभे-आडवे रस्ते आखले गेले, त्यामुळे शहराचा गाभा बुद्धिबळाच्या पटासारखा नीटस आणि जवळपास सपाट. दिवसाला वीस-पंचवीस हजार पावलं कशी पडली ते कळतही नाही. तक्रार आहे ती बुटांबद्दल. चालायचंय म्हणून घट्ट नाड्यांचे बूट घ्यावेत, तर देऊळ आलं की ते काढायचे. काढायला सोपे म्हणून बिननाडीचे घ्यावेत, तर डोंगर उतरताना टाच एकीकडे आणि बूट दुसरीकडे. क्योतोत सकाळी जी नाडी बांधाल, तिच्यावर संध्याकाळचा स्वभाव ठरतो. वैद्यबुवांची नाडीपरीक्षा याहून सौम्य.

सुरुवात फुशिमी इनारीपासून करावी आणि उजाडताच करावी. देवस्थान चोवीस तास उघडं, तिकीट नाही. क्योतो स्टेशनवरून जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, नारा लाईनवर दुसरंच स्टेशन. इथे होणारी पहिली चूक म्हणजे समोर उभी असलेली जलद गाडी पकडणं. ती इनारीला थांबत नाही. स्टेशन खिडकीतून मागे जाताना तेवढं दिसतं. लोकलवर वाढलेल्या मुंबईकराला हे सांगायला नको, पण सुटीवर गेलेला मुंबईकर इंडिकेटर वाचत नाही, असा माझा अनुभवसिद्ध संशय आहे.

डोंगरावर दहा हजारांच्या आसपास तोरी आहेत, म्हणजे शेंदरी रंगाच्या कमानी. सगळी गर्दी पहिल्या दहा मिनिटांत तुंबलेली असते, कारण प्रत्येकाला रिकाम्या कमानींचा फोटो हवा असतो आणि प्रत्येकाच्या फोटोत बाकीचे सगळे असतात. गुपचूप पुढे चढत राहावं. अर्ध्या-पाऊण तासानं योत्सुत्सुजी नावाचा चौक लागतो. शहर तिथून दिसतं. शिखर २३३ मीटरवर आहे आणि तिथून काहीही दिसत नाही. झाडं दिसतात आणि आपल्यासारखीच घामाघूम माणसं दिसतात. पूर्ण फेरीला दोन ते तीन तास लागतात, तेव्हा गुडघ्यांशी काय ती बोलणी योत्सुत्सुजीलाच उरकून घ्यावीत.

चढताना खांब कोरे दिसतात. उतरताना त्यांची मागची बाजू दिसते आणि कळतं, की प्रत्येक खांबावर देणगीदाराचं नाव नि तारीख आहे. आपल्याकडे देवळाच्या फरशीवर ‘यांच्या स्मरणार्थ’ असतं, पंख्याच्या पात्यावर गरगर फिरणारी नावं असतात. इथे अख्खी कमान. लाकूड जमिनीलगत कुजतं, जुनी कमान निघते, जागा मोकळी होते आणि नवा देणगीदार उभा राहतो.

उतरण्याआधी एक काम करायचं. नाडी वरच्या दोन भोकांतून पुन्हा आवळायची, नाहीतर पाय पुढे सरकून अंगठ्याचं नख पायरीगणिक बुटाच्या टोकावर आपटतं आणि दोन दिवसांनी जांभळं होतं. आवळलीत? आता पुढचं देऊळ सान्जूसान्गेन्दो. तिथे बूट काढायचे आहेत.

खाली आल्यावर जेआरकडे न वळता केइहान लाईनचं स्टेशन गाठलं की तिसरं स्टेशन शिचिजो, आणि तिथून देऊळ सात-आठ मिनिटांवर. आता बूट काढण्याचा विधी, कारण हीच दिवसभराची परीक्षा. दारात खालची फरशी असते आणि तिला लागून उंचावर लाकडी फळी. नियम एका ओळीचा आहे: बुटाचा तळवा फळीला लागता कामा नये आणि मोज्याचा तळवा फरशीला. ऐकायला सोपा. प्रत्यक्षात एक बूट काढून तो पाय फळीवर ठेवायचा, मग दुसरा पाय फरशीवर असतानाच वाकून त्याची गाठ सोडायची, आणि नेमक्या त्या क्षणी पाठीवरची सॅक मानेवरून घसरून पुढे येते. तोल जातो. आधाराला शेजारच्या आजींचा खांदा असतो, पण तो धरायचा नसतो. मग मोजा फरशीवर टेकतो. कुणी काही बोलत नाही. जपानमध्ये न बोलण्याचे बरेच प्रकार आहेत, त्यातला हा एक. उपाय असा, की सॅक आधी पोटाकडे घ्यावी आणि दोन्ही नाड्या उंबऱ्याच्या अलीकडेच, दोन्ही पायांवर उभं असताना सैल करून ठेवाव्यात. त्याहून बरा उपाय शंभर येनच्या दुकानात मिळतो: रबरी नाडी. एकदा ओवली की बूट चपलेसारखा निघतो आणि घातला की बुटासारखा बसतो.

मोज्यांबद्दल मी फार बोलणार नाही. त्यातून अंगठा बाहेर डोकावत असेल तर तोही दिवसभर देवदर्शन घेईल एवढंच. हिवाळ्यात मात्र जाड मोजे न्या. जानेवारीतली देवळाची लाकडी जमीन मोज्यातून थेट दाढेपर्यंत पोचते. आणि चप्पल घालून अनवाणी आत जाण्याची आपली सवय इथे चालत नाही, कारण तातामीवर, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीवर, उघडे पाय ठेवणं बरं दिसत नाही. कोल्हापुरीच घालायची असेल तर ‘तबी’ घ्या. हे अंगठा वेगळा असलेले जपानी मोजे कोल्हापुरीच्या अंगठ्यात इतके चपखल बसतात, की शिवणाऱ्याचं मूळ गाव करवीर असावं असं वाटतं.

आत काय आहे? सुमारे १२० मीटर लांबीचं सभागृह, १२६६ साली पुन्हा उभारलेलं, आणि त्यात सहस्रभुज कान्नोनच्या १००१ मूर्ती. एक मोठी बसलेली, बाकी १००० उभ्या. कान्नोन म्हणजे आपल्या कान्हेरी-अजिंठ्यातला अवलोकितेश्वरच. त्यांच्यासमोर रक्षक म्हणून इंद्र, ब्रह्मा वगैरे ओळखीची मंडळी जपानी नावांनी उभी आहेत. गरुड तर चक्क बासरी वाजवतोय. विष्णूची चाकरी सोडल्यावर माणूस छंदाला वेळ देतो. फोटोला बंदी आहे, त्यामुळे लोक खरोखर मूर्तींकडे बघतात.

इथून कियोमिझुदेरा अर्ध्या तासाचा चढ. सध्याचं मुख्य मंदिर १६३३चं, दरीवर १३ मीटर उंच लाकडी सज्जा. मोठा निर्णय घेणं याला जपानीत ‘कियोमिझुच्या सज्जावरून उडी मारणं’ म्हणतात. पूर्वी लोक नवसापोटी खरंच मारत. १८७२मध्ये सरकारनं बंदी घातली. खाली ओतोवा झऱ्याच्या तीन धारा आहेत. लांब दांड्याची पळी घेऊन एकीचं पाणी प्यायचं. तिन्हींचं पिणं हा हावरटपणा समजतात, म्हणून रांगेत आधीच ठरवून ठेवा. तिथे विचार करत उभं राहिलं की मागच्या शाळकरी सहलीचा पुन्हा एकदा न बोलण्याचा प्रकार अनुभवाला येतो.

उतरताना सान्नेन्झाका. या दगडी पायऱ्यांवर जो पडेल तो तीन वर्षांत जातो, अशी समजूत आहे. पुढच्या निनेन्झाकावर मुदत दोन वर्षं. उतारा म्हणून पायऱ्यांपाशी वाळवलेले छोटे भोपळे विकणारं दुकान आहे. आपल्याकडे भोपळा मिळाला की घरी आयुष्य कमी होतं, इथे वाढतं. पावसात दगड गुळगुळीत होतात, तेव्हा झिजलेल्या तळव्यांचे बूट असतील तर भोपळा आधीच घेतलेला बरा.

दुपारी भूक लागते आणि शाकाहारी माणसाची दुसरी परीक्षा सुरू होते. मांस नको म्हटलं तरी सूपमध्ये ‘दाशी’ असते, म्हणजे बहुधा कात्सुओ माशाच्या किसाचा अर्क. ताटात मासा दिसत नाही म्हणून तो नाही असं नव्हे. खात्रीच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे कोन्बिनीतला, अर्थात कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातला, उमेबोशीचा ओनिगिरी: भाताचा त्रिकोण, पोटात खारवलेलं आंबट फळ, थेट जुन्या लिंबाच्या लोणच्याचा नातेवाईक. त्याच्या वेष्टनावर १, २, ३ असे आकडे असतात ते शोभेचे नाहीत. आधी १ची पट्टी टोकापासून खाली ओढून मागून पूर्ण फिरवून काढायची, मग २ आणि ३चे कोपरे बाजूंना ओढायचे. प्लास्टिक निघतं आणि तोवर वेगळी राहिलेली कोरडी नोरी, म्हणजे समुद्रशेवाळाचा पापुद्रा, भाताला बिलगते. घाईत मधूनच फाडलं तर नोरी प्लास्टिकबरोबर जाते आणि हातात नुसता गार भात उरतो.

हा ओनिगिरी घेऊन कामो नदीकाठी बसण्याचा मोह होईल. बसा, पण पाठ झाडाला किंवा भिंतीला लावून. नदीवरच्या घारींचं सगळं चित्त तुमच्या ओनिगिरीपाशी असतं आणि त्या मागून येतात. घास हातातून गेल्यावर पंखांचा वारा लागतो. रिकामं वेष्टन मात्र घार नेत नाही. रस्त्यावर कचरापेट्या जवळपास नसतात, आणि पेयांच्या यंत्राशेजारचा डबा फक्त बाटल्या-कॅनचा. तेव्हा एक पिशवी सोबत. संध्याकाळपर्यंत ती नांदत्या घरातल्या पिशव्यांच्या पिशवीसारखी फुगते.

नदीजवळच १२०२ साली स्थापन झालेलं केन्निन्जी हे देऊळ आहे. बूट काढायचे. छतावर दोन प्रचंड ड्रॅगन आहेत, ८००व्या वर्षानिमित्त २००२मध्ये रंगवलेले; दिवसभरात पहिल्यांदा मानेला काम आणि पायांना विश्रांती. इथे उशीर करू नका. देवळं साधारण साडेचार-पाचला मिटतात आणि तिकीटखिडकी त्याच्या अर्धा तास आधी.

पत्ता विचाराल तर चौकाचं नाव सांगून ‘आगारु’ किंवा ‘सागारु’ म्हणतील, म्हणजे ‘वर’ किंवा ‘खाली’. जिने शोधू नका. वर म्हणजे उत्तर, खाली म्हणजे दक्षिण. शहराला उत्तरेकडे हलका चढ आहे, हे नकाशात दिसत नाही पण पोटऱ्यांना सकाळपासून ठाऊक असतं.

परत यायला बस. मागच्या दारानं चढायचं, पुढच्या दारानं उतरायचं, २३० येन उतरताना. सुटे देणारं यंत्र फक्त हजाराची नोट घेतं. स्टेशनात १७१ पायऱ्यांचा भव्य जिना समोर येतो. शेजारी सरकते जिने आहेत. तिकडे न बघता पायऱ्या चढू लागणारा एखादा उत्साही दिसतोच. त्याच्या बुटांना नक्की रबरी नाडी असणार.

मुक्कामाच्या र्योकानचं, म्हणजे पारंपरिक जपानी खानावळवजा निवासाचं, दार सरकतं. खाली फरशी, वर लाकडी फळी. वाकल्यावर लक्षात येतं, की इनारी उतरण्यापूर्वी वरच्या भोकांतून आवळताना आपण दुहेरी गाठ मारली होती, आणि मधल्या दोन देवळांत बूट नुसतेच टाचेनं ओढून काढले होते.