आधी पंखा, मग बॅटरी

दत्ताने गेल्या आठवड्यात पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारी बॅटरीची पेटी घेतली, सोबत घडीचं 100 वॅटचं सोलर पॅनेल. दोन्ही मिळून तीस हजारांच्या पुढे गेले. राजवाड्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर तो ती पेटी घेऊनच आला आणि चहा यायच्या आत सांगून मोकळा झाला, "आता लाइट गेली तरी चिंता नाही, आणि बिलसुद्धा निम्म्यावर येणार!"

लाइटचं कुणालाच अमान्य नव्हतं. साताऱ्यात वळवाचा पाऊस सुरू झाला की फांदी तारेवर पडते, डीपी उडतो आणि चार-सहा तास अंधार होतो. भांडण लागलं ते बिलावरून.

ज्योती कॉलेजात फिजिक्स शिकवते. ती म्हणाली, "दत्ता, पेटीवर किती वॅट-अवर लिहिलंय ते वाच."

"500."

"म्हणजे अर्धं युनिट. 1000 वॅट-अवरचं एक युनिट होतं. तुझ्या घरात सकाळी 2000 वॅटचा गिझर लागतो ना? तो पाव तास चालला की अर्धं युनिट संपतं. अख्खी पेटी एका आंघोळीत गेली! तीही नुसती हिशेबात, कारण गिझर या पेटीवर चालणारच नाही, तिला तेवढा भार झेपत नाही."

दत्ता हटला नाही. "पण मी रोज उन्हावर फुकट भरणार. फुकटचं अर्धं युनिट काय कमी आहे?"

मग कागद निघाला. आपल्याकडे 1 किलोवॅटच्या पॅनेलमधून दिवसाला साधारण 4 युनिट मिळतात, म्हणजे 100 वॅटमधून 0.4. महिन्याची 12 युनिट. ऊन चांगलं असेल, पॅनेल रोज उघडून उन्हाकडे फिरवलं आणि कंटाळा केला नाही, तर. वहन आकार, 16 टक्के वीज शुल्क सगळं धरून युनिटला सरासरी 12 रुपये धरले तर महिन्याला 144 आणि वर्षाला 1728 रुपये वाचतात. तीस हजार फिटायला सतरा वर्षं लागतील. पावसाळ्याचे महिने यात वजा केलेले नाहीत.

शिरीष म्हणाला, "बघ, मी सांगत होतो, छपरावर तीन किलोवॅटचं बसव. 2024 पासून सूर्यघर योजनेत 78,000 रुपये अनुदान आहे. बिलही जाईल आणि लाइट गेली तरी तुझं घर चालू राहील."

यावर बापू बोलले. बापूंनी आयुष्यभर वायरिंगची कामं केली, त्यांना कुणी मध्ये तोडत नाही. "शिरीष, अर्धं बरोबर बोललास. बिल जाईल. पण बॅटरी नसलेलं छपरावरचं सोलर लाइट गेली की स्वतःच बंद पडतं, भर दुपारी बारा वाजता असलं तरी. पडायलाच पाहिजे. नाहीतर खांबावर चढलेल्या माणसाला लाइन बंद वाटेल आणि तुझ्या छपरावरून तारेत करंट येईल."

शिरीषला हे माहीत नव्हतं. छपरावर सोलर बसवणाऱ्या किती जणांना हे आधी नीट सांगितलं जातं, याची मला खरंच काळजी वाटते. लाइट जाण्याचा त्रास आणि बिलाचा त्रास हे दोन वेगळे त्रास आहेत. दुकानात मात्र दोन्ही एकाच दमात विकले जातात, आणि कट्ट्यावरचा आमचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू झाला होता.

बॅटरी वीज साठवते, वाचवत नाही. इन्व्हर्टरचंही तसंच. 12 व्होल्ट 150 अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर 1800 वॅट-अवर, म्हणजे 1.8 युनिटांची. पण ती भरताना थोडी वीज उष्णतेत जाते, परत काढताना थोडी जाते आणि 12 व्होल्टचे 230 करताना आणखी थोडी. त्यावर ती भरलेली ठेवायला रोजची वीज लागते ती वेगळीच. इन्व्हर्टर घेतल्यावर बिल वाढलं म्हणून मीटरवर संशय घेणारे भेटतात, त्यांनी आधी हा हिशेब बघावा. पॉवर बँकेवरचा 20,000 मिलिअँपिअर-अवर हा आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणजे 74 वॅट-अवर. फोनची बॅटरी 19 वॅट-अवरची धरली तर तो चार वेळा भरायला हवा, पण तीनच्या आतच भरतो. यात फसवणूक नाही, विजेचा दाब बदलताना होणारी तूट आहे.

"मग बिल कमी करायचं कशानं?" दत्ता आता जरा चिडला होता. "घरात सगळ्यांना ओरडून सांगतो, चार्जर सॉकेटमध्ये ठेवू नका म्हणून."

ज्योती म्हणाली, "चार्जरचं सोड. एक फोन रोज पूर्ण भरलास तरी महिन्याला पाऊण युनिट होतं. पंखे किती जुने आहेत?"

दत्ताकडे वडिलांच्या खोलीत आणि हॉलमध्ये दोन जुने पंखे दिवसाचे पंधरा-पंधरा तास फिरतात. जुना पंखा 75 वॅट घेतो, म्हणजे महिन्याला जवळजवळ 34 युनिट. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा पूर्ण वेगावर 30 वॅटच्या आसपास घेतो, त्याची साडेतेरा होतात. एका पंख्यामागे 20 युनिट वाचली, दोघांची 40. दत्ताचं बिल 240 युनिटांचं असतं. आपल्या दरात पहिली 100 युनिट स्वस्त आणि 101 ते 300 महाग, त्यामुळे ही 40 युनिट कापली जातात ती महागातली. पंखा तीन हजारांचा धरला तर वर्षभरात पैसे फिटतात.

आणि माझ्या मते या सगळ्या चर्चेतली खरी गोष्ट पुढे आहे. त्याच पेटीवर, तूट धरून, 75 वॅटचा पंखा पाचेक तास चालेल. 30 वॅटचा बारा तासांच्या आसपास चालेल. पेटी तीच आणि किंमतही तीच, पण रात्र निघते. म्हणून आधी घराची भूक कमी करायची आणि मग बॅटरी किती मोठी हवी ते ठरवायचं. लोक उलटं करतात. जुने पंखे तसेच ठेवतात आणि ते चालावेत म्हणून मोठा इन्व्हर्टर घेतात.

शिरीषने विचारलं, "पण कोण किती खातंय हे कळायचं कसं? मी स्मार्ट प्लग घेऊ का दहा?"

"दहा नको!" ज्योती जवळजवळ ओरडलीच. स्मार्ट प्लग वाय-फायला जोडलेला राहायला स्वतः वॅटभर घेतो. दहांचे 10 वॅट दिवसरात्र धरले तर महिन्याला 7 युनिट होतात. वॅट दाखवणारा 16 अँपिअरचा एकच घ्यावा आणि घरभर फिरवावा. फ्रिजला मात्र पूर्ण 24 तास लावून ठेवायचा, कॉम्प्रेसर चालू-बंद होत असतो. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने घराघरांतल्या उपकरणांवर मीटर लावून अशाच नोंदी घेतल्या आहेत, त्या कुणालाही बघता येतात.

बापूंना तेवढाही खर्च मान्य नव्हता. "मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, तो कशासाठी असतो? बाजूला 3200 लिहिलेलं असतं. 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट." काही मीटरवर आकडा वेगळा असतो, तो आधी वाचायचा. घरातलं सगळं बंद करून एकच उपकरण चालू ठेवायचं आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे. 3200 च्या मीटरवर 1125 ला त्या सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात. पंधरा सेकंद आले तर 75 वॅट. सगळी बटणं बंद असूनही दिवा लुकलुकत असेल तर काहीतरी चालू राहिलंय. बहुतेक वेळा टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स सापडतो. रिमोटने बंद केला तरी तो दहाएक वॅट घेत राहतो.

बिल कमी करणाऱ्या त्या छोट्या डबीचा विषय शिरीषनेच काढला. सॉकेटमध्ये खोचायची, हिरवा दिवा लागतो, तीस-चाळीस टक्के बचत म्हणे. बापूंचा आवाज चढला. त्यांनी अशा डब्या उघडून पाहिल्या आहेत. आत एक कपॅसिटर आणि दिवा, बस. कपॅसिटर पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामाला लागणारा वाटा, सुधारतो, आणि त्याचा उपयोग कारखान्याला आहे. आपल्या घरचा मीटर किलोवॅट-अवर मोजतो, त्याला पॉवर फॅक्टरशी देणंघेणं नाही. पेन्शनवर जगणारी माणसं दोन-दोन डब्या घेतात हे सांगताना बापूंना संताप आवरत नव्हता, आणि मीही त्यांच्याच बाजूचा आहे. अशी डबी विकणं ही सरळ लूट आहे.

मग दत्ता जरा हळू आवाजात म्हणाला की पेटी घेतली ती खरं तर वडिलांसाठी. ते रात्री सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून दाबाने हवा देणारं मशीन लावून झोपतात. लाइट गेली की मशीन बंद पडतं आणि ते दचकून उठतात.

"हे आधी का नाही बोललास?" ज्योती म्हणाली. पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला तर ते मशीन 40 वॅटच्या आसपास घेतं. पेटीवर रात्र निघते. यासाठी तीस हजार मलाही जास्त वाटत नाहीत, आणि तिथे बिलाचा हिशेब मांडायचं कारणच नाही. ज्योतीने एवढंच बजावलं की उद्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची वेळ आली तर या पेटीच्या भरवशावर राहू नकोस. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर 300 वॅटच्या वर घेतो, दीड तासाच्या आतच पेटी रिकामी होईल. त्याला सिलिंडर जवळ हवा.

रविवारी बापू दत्ताचे दोन्ही पंखे बदलायला जाणार आहेत. काढलेले पंखे गावच्या घरी लावायचं शिरीषच्या मनात आहे, चालू वस्तू भंगारात देणं त्याला पटत नाही. बापू म्हणतात, तिथे ते तेवढीच वीज खाणार आणि बिल तुझा भाऊ भरणार. यावर दोघांचं अजून जमलेलं नाही.