पितेओचा कबुलीजबाब आणि धडगावचं मीठ

२०२५ च्या ऑक्टोबरात नाशिक पोलिसांनी पकडलेल्या गुंडांकडून 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' असं कॅमेऱ्यासमोर वदवून घेतलं. आमच्या शहाद्याच्या शाळेच्या ग्रुपवर दिवाळीच्या शुभेच्छांहून जास्त ते व्हिडिओ फिरले. खान्देशातही हेच सुरू करा, खुनाच्या आरोपींची गावातून धिंड काढा, अशी मागणी लगोलग आली. एका वर्गमित्राने लिहिलं, 'दांडा पडना का समदा बोलतस.' त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

दांडा पडला की माणूस बोलतो, हे खरं आहे. मारणाऱ्याला जे ऐकायचं असतं, ते तो बोलतो. आणि ते एकदा ऐकलं की तपास तिथेच थांबतो. मला भीती वाटते ती या थांबण्याची. मी स्वीडनच्या उत्तरेला लुलेओत राहते. इथून मोटारीने तासाभरावर पितेओ नावाचं लहान शहर आहे. तिथे कोणी कोणाला हात लावला नाही, तरी नेमकं हेच झालं.

नोव्हेंबर १९७६. पंधरा वर्षांचा एक मुलगा शाळेतल्या नाचाच्या कार्यक्रमाहून रात्री घरी परतलाच नाही. नोव्हेंबरात इथे दुपारी तीनच्या आत अंधार पडतो. एकदा बर्फ पडायला लागला की जमिनीवरची खूण न् खूण झाकली जाते, ती वसंतातच उघडी पडते. मुलगा सापडला नाही. १९९३ साली जंगलात त्याची हाडं मिळाली.

त्याच सुमारास, शेकडो किलोमीटर दक्षिणेला, सेतरच्या मनोरुग्णालयातला एक रुग्ण एकामागून एक खुनांची कबुली देत होता. खरं नाव स्तुरे बर्गवाल, पण तेव्हा तो स्वतःला थॉमस क्विक म्हणवून घेत असे. तिसांहून अधिक खून आपणच केले, असं तो सांगे. १९९४ साली पितेओच्या न्यायालयाने त्याला या मुलाच्या खुनासाठी दोषी ठरवलं. त्याला गुन्ह्याशी जोडणारं ना रक्त होतं, ना हत्यार, ना बोटांचे ठसे. होती ती फक्त कबुली. २००१ पर्यंत अशा आठ खुनांत तो दोषी ठरला. त्याला गुंगीच्या औषधांचे मोठे डोस दिले जात होते. दडपलेल्या आठवणी वर येताहेत, अशी उपचार करणाऱ्यांची श्रद्धा होती. चौकशीतल्या प्रश्नांमधूनच त्याला उत्तरांचा सुगावा लागे आणि चुकलेली उत्तरं बाजूला सारली जात. २००८ साली पत्रकार हान्नेस रोस्ताम यांच्यापाशी त्याने सगळं मागे घेतलं. २०१३ पर्यंत आठही शिक्षा रद्द झाल्या.

यातला सगळ्यात जिव्हारी लागणारा भाग कायद्याच्या मुदतीचा आहे. स्वीडनमध्ये तेव्हा खुनाचा खटला भरायलाही २५ वर्षांची मुदत होती. २०१० साली ती काढली, पण १ जुलै १९८५ च्या आधीच्या खुनांना त्याचा उपयोग नाही. पितेओच्या प्रकरणातली मुदत २००१ साली संपली. त्या दिवशी कोणी खरा मारेकरी शोधत नव्हतं, कारण कागदोपत्री तो सापडलेला होता. आता सापडला तरी त्याच्यावर खटला चालणार नाही. हाडांवरून मृत्यूचं कारणही ठरलं नव्हतं. एका कबुलीने त्या आईबापांचा प्रश्न कायमचा बुजवून टाकला.

आज इथे उत्तरेत खुनाचा तपास कसा चालतो, ते सांगते. आरोपी हाती लागला की तपासाची सूत्रं सरकारी वकिलाकडे असतात. पोलिसांचं पहिलं काम म्हणजे जागा राखणं, कारण नवा बर्फ कोणासाठी थांबत नाही. जागेवर तंबू ठोकतात. बर्फातल्या बुटाच्या ठशात साधं प्लास्टर ओतलं, तर ते घट्ट होताना तापतं आणि ठसाच वितळवतं. म्हणून खास मेणाचा फवारा किंवा वितळवलेलं गंधक वापरण्याची पद्धत आहे. उणे वीस अंशांत शरीराच्या तापमानावरून मृत्यूची वेळ सांगणं फार अवघड जातं, तिथे डॉक्टर घाई करत नाहीत. मृतदेह उमेओला न्यायवैद्यक डॉक्टरांकडे जातो, मग तो सहाशे किलोमीटर दूर किरुनातून का आणावा लागेना. नमुने लिन्शोपिंगच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जातात. आणि निकाल लागेपर्यंत बहुतेक वर्तमानपत्रं संशयिताचं नाव न छापता 'चाळिशीतला पुरुष' एवढंच लिहितात.

हा देश काही स्वर्ग नाही. टोळ्यांच्या गोळीबारातले कितीतरी खून इथे उलगडत नाहीत. संशयिताला महिनोन्महिने एकटं डांबून ठेवण्याबद्दल युरोपच्या छळविरोधी समितीने स्वीडनला पुन्हा पुन्हा सुनावलं आहे. 'तुमच्याकडे माणसं मूठभर, पैसा चिक्कार,' असं मित्र म्हणतात, तेही बरोबर आहे. पण क्विकच्या वेळीही पैसा होताच की.

आता आपल्या उत्तरेकडे येते. धडगाव महाराष्ट्राच्या उत्तर टोकाला आहे, सातपुड्यात. शेजारच्या अक्कलकुव्यातल्या डाबला हिवाळ्यात दव गोठतं. ऑगस्ट २०२२ मध्ये धडगाव तालुक्यातल्या एका आदिवासी विवाहितेचा मृतदेह गळफास लागलेल्या अवस्थेत मिळाला. हा बलात्कार आणि खून आहे, आणि पहिल्या शवविच्छेदनात त्या दिशेने पाहिलंच गेलं नाही, असा घरच्यांचा आरोप होता. कोणी ऐकेना, तेव्हा वडिलांनी शेतात खड्डा केला आणि मुलीचा देह मिठात ठेवला. ऑगस्ट म्हणजे सातपुड्यात भर पावसाचे दिवस. चाळीसहून अधिक दिवसांनी, सप्टेंबरात, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुसरं शवविच्छेदन झालं.

त्या बापाने कोणाची धिंड मागितली नाही, चकमक मागितली नाही. पुरावा टिकवायचं सरकारचं काम त्याने स्वतःच्या हाताने, मिठाच्या पोत्यांनी केलं. खान्देशात तपासाबद्दल बोलायचं तर सुरुवात इथून व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. काळ्या मातीतले ठसे, केळीच्या बागेत पडलेला मृतदेह, बघ्यांच्या पायांखाली तुडवली गेलेली जागा, पंच म्हणून पकडून आणलेला आणि पुढे कोर्टात फितूर होणारा चहावाला: आरोपी सुटतात ते इथे. मग आम्ही न्यायाधीशांना शिव्या देतो.

'अवघ्या चोवीस तासांत छडा, आरोपीची कबुली' ही बातमी वाचून आपल्याला हायसं वाटतं. पण पोलिसांपुढची कबुली आपल्या कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं आणि नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. कबुलीतून हत्यार किंवा मुद्देमाल निघाला, तर तेवढाच भाग ग्राह्य. म्हणजे दांड्याने मिळवलेली गोष्ट कोर्टाच्या दारातच गळून पडते. तोवर बाकीचा पुरावा गोळा करायचे दिवस निघून गेलेले असतात.

घरच्यांची चीड मला कळते. दहा-दहा वर्षं तारखा पडतात, मुलीचे आईबाप एसटीने खेटे घालून थकतात, आरोपी जामिनावर समोरून फिरतो. हैदराबादला २०१९ मध्ये बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार संशयित चकमकीत मारले गेले, तेव्हा लोकांनी पेढे वाटले ते या चिडीतूनच. २०२२ साली न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने सांगितलं की पोलिसांनी त्यांना ठार करण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या होत्या. आणि आपल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा विसरता येत नाही. १ जुलै २०१८ ला बाजाराच्या दिवशी मुलं पळवणारे समजून भिक्षेकरी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्या जमावाचीही खात्री पटलेली होती.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी तपासाच्या नव्या कायद्याच्या, कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं आणि ते काम चित्रित करणं सक्तीचं होणार आहे. ते लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुभा आहे, म्हणजे २०२९ च्या मध्यापर्यंत. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा इथे हे नक्की कधी सुरू होणार? पावसात तोरणमाळच्या घाटाने तज्ज्ञांची गाडी किती तासांत पोहोचणार? धडगावात शवविच्छेदन कोण करतं, आणि नंदुरबारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाल्यावर तिथला न्यायवैद्यक डॉक्टर डोंगरात का जाऊ नये? हे प्रश्न जिल्हा नियोजन समितीत आणि विधानसभेत, तालुक्याचं नाव घेऊन, आत्ताच विचारले गेले पाहिजेत.