फोन अप्पांचा आहे

आज बार्शीत एका मोबाईलच्या दुकानातून अप्पांना घेऊन रिकाम्या हातानं बाहेर पडले. डोकं अजून तापलेलंच आहे म्हणून लिहायला बसले. पोस्ट लांबणार आहे, पण वाचा.

अप्पांनी आजवर बटणाचाच फोन वापरला. आता बटणाचा सोडून टचचा घ्यायचा, एवढंच काम होतं. दुकानातल्या पोरानं मात्र शिरल्यापासून निघेपर्यंत एकदाही अप्पांकडं तोंड करून शब्द काढला नाही. सगळं मला. "मॅडम, काकांसाठी ना? मग हा घ्या, पन्नास मेगापिक्सेल, आठ जीबी रॅम, फुल्ल चार्ज पाऊण तासात." अप्पा शेजारीच उभे होते. एकाहत्तर वर्षांचा माणूस, स्वतःच्या तुरीच्या पैशानं फोन घ्यायला आलेला. त्यांनी एकदा विचारलं, "उन्हात दिसतो का ह्यो?" पोरगा माझ्याकडं बघून हसला आणि कॅमेरा दाखवायला लागला.

हा प्रश्न अप्पांनी उगाच विचारला नव्हता. मागच्या खरिपातली गोष्ट आहे. ई-पीक पाहणी शेतकऱ्यानं स्वतः ॲपवर करायची, हे २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर सुरू झालंय. आपल्या गटात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, जागा फोनच नोंदवतो. ती नोंद सातबाऱ्यावर चढली नाही तर हमीभावाला सोयाबीन घालताना अडतं, नुकसानभरपाईलाही अडतं. अप्पांकडं बटणाचा फोन, मी पुण्यात. शेजारच्या पोराचा फोन मागून घेतला, तो पोरगा दुपारी साडेबाराला मोकळा झाला, म्हणून भर उन्हात दोघं सोयाबीनच्या पट्ट्यात. अप्पांच्या एका कानाला त्यांचा स्वतःचा फोन, त्यावर मी, आणि दुसऱ्या हातात तो उसना फोन. मी इकडून सांगतेय, "अप्पा, खाली बघा, गट क्रमांक लिहिलाय का?" तिकडून वाऱ्याचा आवाज आणि अप्पांचं एकच, "काय दिसंना गं. काळंच दिसतंय समदं."

शेवटी त्यांनी डोक्यावरचा टॉवेल सोडून फोनवर धरला आणि त्याच्या सावलीत डोकं घातलं. हे मला मागून त्या पोरानं सांगितलं. ते चित्र डोळ्यापुढून जात नाही.

त्यामुळं त्या दुकानात आज विचारलेल्या प्रश्नांत सगळ्यात शहाणा प्रश्न, उन्हात दिसतो का, हाच होता. स्वस्तातल्या बऱ्याच फोनचा डिस्प्ले एलसीडी असतो, बाहेर ऊन पडलं की फिका पडतो. ॲमोलेड, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा डिस्प्ले असला आणि ब्राइटनेस चांगला असला तर फरक डोळ्याला कळतो. त्याच किमतीत दोन्ही मिळतात, फक्त ॲमोलेडवाल्यात दुसरं काहीतरी कमी दिलेलं असतं. ते कमी काय, ते अप्पांना लागणारंय का, एवढंच तर बघायचं! त्या पोराला म्हटलं, दोन्ही फोन बाहेर उन्हात नेऊन बघू दे. म्हणे, "डेमो पीस बाहेर नेता येत नाही." ठीक आहे, चोरीची भीती असेल, तेही समजू शकते. मग तू ये की सोबत दोन पावलं!

आणि ते आठ जीबी. खोक्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलं होतं, ४ + ४. म्हणजे खरी रॅम, फोनची चालू कामाची जागा, चारच. उरलेली चार म्हणजे साठवणीच्या जागेतलीच थोडी जागा रॅमसारखी वापरायची, आणि ती खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी हळू चालते. कॅमेऱ्याच्या पन्नास मेगापिक्सेलचंही तसंच. बहुतेक वेळा चार पिक्सेल मिळून एक होतो आणि फोटो साडेबारा मेगापिक्सेलचा निघतो. ह्यात वाईट काही नाही, अंधारात त्यानं फोटो बरा येतो. पण माणसाला आकडा सांगायचा तर पुरता सांगा ना. ज्याच्याकडं आयुष्यभर फक्त टॉर्चचा आणि रेडिओचा फोन होता, तो ह्या आकड्यांपुढं गप्पच बसणार. आणि तो गप्प बसला की ह्यांचं काम झालं.

दुकानात टीशर्ट घालून उभी असलेली ही पोरं बऱ्याचदा कंपनीचीच असतात. विक्रीचं टार्गेट असतं, वर इन्सेंटिव्ह. पोटासाठी करतात, मान्य. माझा राग त्या पोरावर नाहीच फारसा. माझा राग घरच्यांवर जास्त आहे, हे लिहिता लिहिता माझ्या लक्षात येतंय.

धाकट्या भावानं काल रात्री ग्रुपवर तुलनेचा भलामोठा तक्ता टाकला. त्याच्या मते अप्पांना सेकंडहँड आयफोन घ्यावा, "एकदाच घ्या, टिकेल." टिकेल, खरंय. अपडेटही बरीच वर्षं येतात. पण अप्पांना तो धरता येईल का हे कुणी बघितलं? बटणाच्या फोनवर एक लाल बटण असतं. कुठंही अडकलात, भलतंच उघडलं, कुणाला चुकून लागला, लाल दाबा की सुटलात. अप्पांचा सगळा धीर त्या लाल बटणावर आहे. आयफोनला खालचं गोल बटण होतं तोवर एक वेळ ठीक होतं, पण तसं बटण असलेला शेवटचा आयफोन एसई २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाला. आता सगळं बोट सरकवून. अँड्रॉइडमध्ये निदान सेटिंगमध्ये जाऊन खाली तीन बटणं आणता येतात, त्यातलं मधलं दाबलं की घरी, म्हणजे पहिल्या स्क्रीनवर. अप्पांना मी तेच लाल बटण म्हणून शिकवणार आहे.

आणि बोट सरकवायचं ते कुठलं बोट? अप्पांचा अंगठा बघितलाय का तुम्ही? ज्वारी काढून काढून त्याला मधोमध एक भेग पडलीय, ती उन्हाळ्यात फाकते, पावसाळ्यात मिटते. रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा उठत नाही, दरवेळी दुसरं बोट द्यावं लागतं. आज काउंटरवरच्या फोनवर त्यांनी अंगठा टेकवला, तर काहीच हललं नाही. त्यांनी जोरात दाबला. मग आणखी जोरात, जसं बटण दाबतात तसं. पोरगा म्हणाला, "काका, हळू, हळू, फुटेल." अप्पांनी हात मागं घेतला आणि धोतराला पुसला. हात स्वच्छ होता हो. घरून निघताना साबणानं धुऊन निघाले होते.

तिथं माझं डोकं सटकलं.

परत त्या सोयाबीनच्या पट्ट्यात या. त्या दिवशीही हेच झालं होतं. मी इकडून ओरडतेय, "अप्पा, संकेतांक टाका, चार आकडे," आणि तिकडं आकडा उमटतच नव्हता. मला वाटलं त्यांना समजत नाहीये. मी चिडले त्यांच्यावर. फोनवर, शेजारच्या पोरासमोर, मोठ्यानं. आज दुकानात कळलं की अंगठाच लागत नव्हता. वर्षभर मी वेगळंच समजून बसले होते. काही फोनच्या सेटिंगमध्ये टचची सेन्सिटिव्हिटी वाढवायची सोय असते, काचेवर जाड गार्ड लावणाऱ्यांसाठी दिलेली. ती आहे की नाही हे माझ्या भावाच्या तक्त्यात नव्हतं. माझ्याही यादीत नव्हतं.

बॅटरीचं सांगायला नको, पाच हजार एमएएच हल्ली बहुतेकांत असते.

अपडेटचं मात्र बघाच. अप्पा फोन दर दोन वर्षांनी बदलणार नाहीत. आत्ताचा त्यांच्याकडं किती वर्षं आहे, मलाच आठवत नाही. सॅमसंगनं गॅलेक्सी ए१६ ५जी ला सहा वर्षं सुरक्षा अपडेट देतो म्हणून सांगितलं, गुगलनं आपल्या पिक्सेल ८ फोनपासून सात. ए१६ च्याच किमतीच्या आसपास दोनतीन वर्षांवर भागवणारेही आहेत. पैशाचे व्यवहार ज्या फोनवर होणार, त्याचं अपडेट बंद पडलं तर तो धोका कुणाच्या माथी? अप्पांच्याच. रेडमी, रिअलमी, मोटोरोला तेवढ्याच पैशात हार्डवेअर भारी देतात हे खरं आहे, माझा स्वतःचा फोन त्यातलाच आहे. पण मला अडलं तर मी चारजणांना विचारेन. अप्पा कुणाला विचारत नाहीत, बंद करून ठेवून देतात.

रेडिओचं राहिलंच. सकाळच्या प्रादेशिक बातम्या ऐकल्याशिवाय अप्पा चहा घेत नाहीत. बऱ्याच नव्या फोनमध्ये एफएम नसतोच, आणि असला तरी वायरचा इअरफोन खोचावा लागतो, कारण ती वायरच अँटेना. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं मोबाईल कंपन्यांना एफएम चालू ठेवा असं सुचवलं होतं. तरीही दुकानात विचारलं, तर उत्तर मिळालं, "मॅडम, आता यूट्यूब आहे ना." शिवारात कुठं असतं यूट्यूब चालण्याएवढं नेटवर्क?

निघताना तो पोरगा म्हणाला, "हा जुना काय ठेवून करता, एक्स्चेंजला ह्याचं काहीच येणार नाही." अप्पांनी तो उचलून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. त्या फोनवर २ दाबून धरलं की मला लागतो, ३ ला भाऊ, ४ ला आत्या. न बघता, अंधारात, गोठ्यात. पाचाच्या बटणावर उंचवटा असतो, तो चाचपला की बाकीची आपोआप सापडतात. त्याचं एक्स्चेंज नाही करायचं. तो राहील, त्यात त्यांचं सिम राहील. नव्यात दुसरं घालू.

बाहेर येऊन चहा घेतला. मी म्हटलं, "अप्पा, मागच्या वर्षी शेतात मी तुमच्यावर ओरडले होते." ते म्हणाले, "कवा?" आणि बशीत चहा ओतला. आठवत असणार त्यांना. मग म्हणाले, "उन्हात दिसला, माझा अंगठा घेतला आणि बातम्या लागल्या, की बास. बाकी तुझं तू बघ."

उद्या परत जाणार आहोत, पंधरा हजारांच्या आत बसवायचंय. बार्शीत किंवा कुर्डुवाडीकडं असं दुकान कुणाला माहीत असेल, जिथं फोन दाराबाहेर उन्हात नेऊन बघू देतात आणि ज्याला वापरायचाय त्याच्याशी बोलतात, तर आज रात्रीपर्यंत सांगा. सकाळच्या एसटीनं निघायचंय.