1860 च्या आधीचं काय?

परवा ग्रुपवर एका मित्राने केपटाऊन ट्रिपचे फोटो टाकले. व्हर्गेलेगन नावाची वाईन इस्टेट, तीनशे वर्षं जुनी कापराची झाडं, पांढरंशुभ्र घर, हातात ग्लास. खाली एकाची कमेंट, "तिथले इंडियन म्हणजे 1860 ला उसाच्या मळ्यांवर गेलेले गिरमिटिये ना?" आणि माझं डोकंच सटकलं.

अहो, गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, गेले ते दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या नाताळ प्रांतात. केपमध्ये, म्हणजे केपटाऊनच्या भागात, त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीपासून बंगाल, मलबार, कोरोमंडलची माणसं होती, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात गुलाम म्हणून विकत आणलेली. स्वतःचं नाव गेलंच, वहीत नोंद काय तर 'अमुक फान बेंगाले' (म्हणजे बंगालचा), नाहीतर सरळ जानेवारी, सप्टेंबर. महिन्याचं नाव, माणसाला!

फोटोतली ही इस्टेट 1700 साली केपचा गव्हर्नर विलेम आद्रियान फान दर स्टेलने पदरात पाडून घेतली आणि कंपनीची माणसं, कंपनीचे गुलाम स्वतःच्या शेतावर राबवले. 1706 ला गोऱ्या शेतकऱ्यांनी वर तक्रारअर्ज केला, 1707 ला साहेबांची उचलबांगडी. आता हा किस्सा जुलमी गव्हर्नरविरुद्धचा लढा म्हणून रंगवून सांगतात, पण त्या शेतकऱ्यांकडेही गुलाम होतेच की, त्यांचं दुखणं एवढंच की सगळा धंदा हा एकटाच खातोय. गुलामांचा अर्ज कोण लिहिणार?

त्यांचं जे सापडलं ते मातीत. 1990 च्या सुमारास तिथे उत्खनन झालं, गुलामांना ठेवायच्या लांबलचक इमारतीचा पाया मिळाला आणि जमिनीखाली शवपेटीत पुरलेली एक बाई. एकटीच. दातांत लहानपणचं खाणं नोंदलेलं राहतं, हाडांत नंतरचं, तर तपासणीत निघालं की बालपण उष्ण प्रदेशातल्या अन्नावर गेलं आणि पुढे ताटात समुद्रातलं बरंच आलं. म्हणजे बाई दुरून आणलेली. गाव मात्र हाडं सांगत नाहीत.

आणि सगळ्यात कहर म्हणजे ह्या गव्हर्नरच्या बापाची आजी मोनिका, गोव्याच्या किनाऱ्याची, गुलामीतून सुटलेली बाई म्हणून सांगितली जाते. म्हणजे ह्याची पणजी (पणजी आणि गोवा, योगायोग बघा). तिचा पणतू इथे माणसांचा मालक.

हे सगळं टाइप करून ग्रुपवर टाकलं तर पहिला प्रश्न आपल्या स्टाईलने, "गोव्यात गाव कुठलं?" नुसता किनाराच लिहिलाय हो.