‘रोज एक पेग हृदयाला चांगला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

एक मेसेज पुन्हा फिरतोय. रोज एखादा पेग घेतला तर हृदय ठणठणीत राहतं, रेड वाइन तर औषधच, बिअरमध्ये काही नसतं, झोप छान लागते, लिव्हर फक्त बेवड्यांचं जातं, आणि मनात आणलं तर दारू एका दिवसात सुटते. हे वाचून डॉक्टरांनी बंद केलेला ग्लास कुणीतरी पुन्हा हातात घेईल, याची मला खरंच धास्ती वाटते.

‘थोडी पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात.’ असे निष्कर्ष काढणारे अभ्यास आहेत, हे खरं. पण त्यांतल्या ‘न पिणाऱ्यां’मध्ये कोण कोण होतं? तब्येत ढासळल्यामुळे दारू सोडलेलेही त्यातच धरलेले. अशा गटाशेजारी थोडी पिणारा निरोगी दिसणारच. शेपर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश पुरुषांच्या अभ्यासातून ही गफलत 1988 मध्येच दाखवून दिली होती. शिवाय बेतानं पिणारे बहुतेकदा पैशानं बरे, व्यायाम करणारे, वेळेवर तपासण्या करून घेणारे असतात. फायदा त्याचा, श्रेय दारूला.

यातून वाट काढली ती 2019 साली प्रसिद्ध झालेल्या, चीनमधल्या पाच लाखांहून जास्त लोकांच्या अभ्यासानं. पूर्व आशियातल्या अनेकांना जन्मतःच दारू सोसत नाही: चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, त्यामुळे ते कमी पितात. हे जनुकावर ठरतं. आजारपणाचा किंवा पगाराचा त्याच्याशी संबंध नाही. त्या जनुकांच्या आधारे तुलना केल्यावर ‘थोडी घेतली तर पक्षाघात टळतो’ हा समज टिकला नाही. जितकी दारू जास्त, तितका रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका जास्त. हृदयविकाराच्या झटक्यापासून संरक्षण मिळतं, असंही स्पष्टपणे दिसलं नाही.

रेड वाइनचा बोलबाला 1991 मध्ये एका अमेरिकन टीव्ही कार्यक्रमानं केला: फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही हृदयविकारानं कमी मरतात, ते वाइनमुळे. मग रेसव्हेराट्रॉलचं, म्हणजे द्राक्षाच्या सालीतल्या एका रसायनाचं, नाव पुढे आलं. एक लिटर वाइनमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. माणसांवरच्या प्रयोगांत शेकडो मिलिग्रॅम दिलेलं आहे. तेवढं वाइनमधून मिळवायचं म्हटलं तर आधी लिव्हर हात टेकेल.

बिअरचा हिशेब कागदावरच करून बघा. 5 टक्क्यांच्या 330 मिली बिअरमध्ये सुमारे 13 ग्रॅम अल्कोहोल, 12 टक्क्यांच्या 150 मिली वाइनमध्ये 14, आणि 40 टक्क्यांच्या 45 मिली व्हिस्कीतही 14. शरीराला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही.

झोप लवकर लागते, हे मान्य. पण उत्तररात्री ती सारखी मोडते आणि घोरणंही वाढतं.

मेसेजमध्ये कॅन्सरचा शब्दही नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं मद्याला 1988 मध्येच पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर घडवणारं हे सिद्ध. अल्कोहोलपासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड तयार होतं आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. तोंडातले जिवाणूही ते बनवतात, म्हणजे घोट गिळायच्या आतच सुरुवात. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं आणि स्तन, इतक्या ठिकाणी हा धोका वाढतो. स्तनाच्या कॅन्सरचा तर दिवसाला एका ड्रिंकपेक्षा कमी घेतली तरी.

‘लिव्हर बेवड्यांचंच जातं.’ दारूनं आधी लिव्हरमध्ये चरबी साठते. हे फॅटी लिव्हर बहुधा दुखत नाही, कावीळही दाखवत नाही. या टप्प्यावर दारू थांबवली तर लिव्हर बरंचसं सावरतं. सिरॉसिस झाल्यावर, म्हणजे लिव्हरवर कायमचे व्रण पडून ते कडक झाल्यावर, तसं होत नाही.

‘मनात आणलं तर एका दिवसात सुटते’ हे वाक्य सर्वांत घातक. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला घरात कोंडून ठेवू नका. तो किती पितो हे न लपवता डॉक्टरांना सांगा. या काळासाठी औषधं आहेत, आणि सोबत थायमिन, म्हणजे बी1 जीवनसत्त्वही द्यावं लागतं.