कवितासंग्रहाचे परीक्षण की सत्काराचे भाषण?

आपल्या खानदेशात कवितासंग्रह निघाला, प्रकाशन झाले, शाल-श्रीफळ झाले, की थोड्याच दिवसांत त्याचे परीक्षण पुरवणीत किंवा इथे फेसबुकवर येते आणि 'मातीशी नाळ', 'संवेदनशील मनाचा हुंकार' हे शब्दप्रयोग त्यात न चुकता हजेरी लावतात. कवीचे नाव बदलून तेच लेखन दुसऱ्या संग्रहाला चिकटवता येत असेल, तर त्याला परीक्षण कसे म्हणावे? पुष्कळदा ते चिकटवता येते, कारण लिहिणारा प्रस्तावना आणि पाठराखण (मलपृष्ठावरचा मजकूर) यांच्यापुढे गेलेलाच नसतो.

माझ्या मते परीक्षकाने निदान एक तरी कविता वाचकासमोर उलगडून दाखवली पाहिजे. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे, ज्यांना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ही उपाधी मिळाली, त्यांना 'निसर्गकवी' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांची 'औदुंबर' ही अवघ्या आठ ओळींची कविता पाहा. निळासावळा झरा, हिरवी शेते, त्यांतून अडवीतिडवी जाणारी पांढरी पायवाट आणि ती वाट निघाली आहे काळ्या डोहाकडे. ज्याचे नाव कवितेला दिले तो औदुंबर तर थेट शेवटचा शब्द म्हणून येतो. एवढे दाखवले, की त्या कवितेतल्या उदासीविषयी परीक्षक जे म्हणेल ते वाचकाला पडताळता येते आणि पटले नाही तर त्याच्याशी भांडताही येते.

बोलीतल्या कवितेबाबत हलगर्जीपणा अधिकच. 'अस्सल अहिराणी' असा शेरा मारणाऱ्या काहींना बहिणाबाईंची लेवा गणबोलीही अहिराणीच वाटते! बोली कवितेच्या आतून आली आहे, की प्रमाण मराठीत सुचलेल्या ओळींना मागाहून अहिराणी प्रत्यय लावले आहेत, हे ज्याच्या कानाला कळते त्यानेच अशा संग्रहावर लिहावे.

कवी ओळखीचा असतो, ही अडचण खरी आहे. आपल्याकडे सगळेच एकमेकांचे भाऊ, दादा नाहीतर सर. तेव्हा ओळख असेल तर ती सुरुवातीलाच सांगून टाकावी आणि मग फसलेली कविता नेमकी कुठे फसली, हे तिची ओळ देऊन लिहावे. 'काही कविता अधिक सकस होऊ शकल्या असत्या' या वाक्याने ना कवीला काही उमगते, ना पुस्तक विकत घ्यावे की नाही या विचारात असलेल्या वाचकाला.